पाठीवरची शिवण

बुगाटी या फ्रेंच मोटार कंपनीची टाइप ५७ एस अटलांटिक ही गाडी पहिल्यांदा फोटोत बघणाऱ्याची नजर एकाच जागी अडकते. समोरच्या काचेपासून निघून छतावरून उतरत शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली पत्र्याची उभी कड. गाडीचा डावा आणि उजवा अर्धा भाग त्या कडेवर एकमेकांना भेटतात आणि कडेतून ओळीनं रिव्हेट (टोक ठोकून पक्के केलेले धातूचे खिळे) आरपार मारलेले दिसतात. मडगार्डांवरही तशाच कडा आहेत. त्या काळात महागड्या गाडीची बॉडी घडवणारा कारागीर सांधा कुठे आहे हे कुणाला कळू नये म्हणून तासन् तास कानस चालवायचा. इथे सांधाच मिरवला आहे.

आणि या गाड्यांना त्या सांध्याची गरजच नव्हती. १९३६ ते १९३८ या काळात अल्सासमधल्या मोल्सहाइमच्या कारखान्यात चार अटलांटिक बनल्या, चारही ॲल्युमिनियमच्या. ॲल्युमिनियमचा पत्रा गॅसवर वेल्ड होतो, सांधा घासून गुळगुळीत होतो, आणि हे काम तेव्हा युरोपातला प्रत्येक चांगला बॉडीवाला रोज करत होता. रिव्हेटांचं कारण या चार गाड्यांच्या आधीच्या, आता अस्तित्वात नसलेल्या एका गाडीत आहे.

१९३५ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात बुगाटीनं ‘एरोलिथ’ नावाची कूपे, म्हणजे बंद छताची दोन दारांची गाडी, ठेवली. ती आखणारा झाँ बुगाटी, कंपनीचा संस्थापक एत्तोरेचा थोरला मुलगा, तेव्हा २६ वर्षांचा होता. बॉडीसाठी त्यानं निवडला इलेक्ट्रॉन नावाचा धातू. जर्मनीतल्या ग्रीसहाइम-इलेक्ट्रॉन कंपनीनं बाजारात आणलेला हा मिश्रधातू मुख्यतः मॅग्नेशियमचा, त्यात थोडं ॲल्युमिनियम. मॅग्नेशियमची घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७, पोलादाची ७.८५. म्हणजे त्याच जाडीचा पत्रा ॲल्युमिनियमच्या तुलनेत एकतृतीयांशाहून जास्त हलका. विमानं बनवणाऱ्यांना याचं वेड लागलं होतं आणि झाँला विमानांचं.

पण मॅग्नेशियमला गॅसची ज्योत दाखवणं म्हणजे आगीला आमंत्रण. वितळायच्या सुमारास हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते पेट घेतं, डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या ज्वाळेनं जळतं, आणि घाबरून कुणी पाणी ओतलं तर पाण्यातून हायड्रोजन सुटून आग आणखी भडकते. विझवायची तर कोरडी वाळू किंवा त्यासाठीची खास पूड टाकावी लागते. निष्क्रिय वायूच्या पडद्याआड टंगस्टनच्या टोकानं वेल्ड करायची पद्धत, जिला आज गॅरेजवाले टिग म्हणतात, ती १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीत तयार झाली, तीही मॅग्नेशियमची विमानं जोडता यावीत म्हणून. १९३५ मध्ये झाँपुढे रिव्हेटशिवाय खात्रीचा मार्ग नव्हता. दोन अर्ध्या भागांच्या कडा बाहेर दुमडायच्या, पाठीला पाठ लावायची आणि रिव्हेट मारायचे. कडा आत दुमडल्या असत्या तर बाहेरून काही दिसलं नसतं, पण मग बंद छताच्या आत ठोकणाऱ्याचा हात आणि हातोडा पोचवणं कठीण झालं असतं. बाहेर दुमडली की दोन्ही बाजू मोकळ्या मिळतात. हा निर्णय आधी सोयीचा होता, सौंदर्य त्याच्यामागून आलं, असं मला वाटतं.

मॅग्नेशियमचा छळ वेल्डिंगपाशी थांबत नाही. या धातूच्या स्फटिकांची रचना षट्कोनी असते आणि साध्या तापमानाला त्यांच्या थरांना सरकायला फार कमी दिशा मिळतात. म्हणून थंड पत्र्यावर हातोडी मारली की तो थोडा वाकतो, परत उसळतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला कडेपासून तडकतो. साधारण २२५ अंश सेल्सियसच्या वर गेलं की सरकायच्या आणखी दिशा खुल्या होतात आणि धातू ऐकायला लागतो. त्यामुळे काम २५० ते ३०० अंशांच्या आसपास करायचं असतं. पातळ पत्र्यात उष्णता साठून राहत नाही, तेव्हा चार ठोके झाले की पुन्हा तापवायचं. तापमान डोळ्यांना दिसत नाही, कारण हा पत्रा लाल व्हायच्या कितीतरी आधी धोक्याच्या हद्दीत गेलेला असतो. ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूची रेघ ओढून अंदाज घ्यावा लागतो. भोकं पाडायची तर ड्रिल धारदार हवं. बोथट ड्रिलनं बारीक भुकटी पडते आणि ती ठिणगीवर पेटते. जाड, लांब कीस निघाला पाहिजे आणि तो दर तासाला उचलून झाकणाच्या कोरड्या डब्यात टाकला पाहिजे. शेवटी गंज. ओल्या हवेत मॅग्नेशियमला पोलादी स्क्रू लागला की मॅग्नेशियम स्वतः झिजून पोलादाला वाचवतं. म्हणून रिव्हेट मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे घ्यायचे आणि पत्र्याला आधी क्रोमेटचं पाणी द्यायचं.

हे सगळं कागदावरच्या माहितीपुरतं राहिलं असतं, पण कॅनडात ओंटारियोमधल्या एका कार्यशाळेनं टाइप ५७ च्या अगदी सुरुवातीच्या एका चासीवर (बॉडीखालची फ्रेम, इंजिन आणि चाकं), जुन्या मोजक्या फोटोंवरून, मॅग्नेशियमच्याच पत्र्यात एरोलिथ पुन्हा उभी केली. ॲल्युमिनियमची केली असती तर वर्षं वाचली असती आणि फिकट हिरव्या रंगाखाली कुणाला फरकही कळला नसता. त्यांनी ते टाळलं, आणि म्हणूनच ती गाडी निव्वळ नकलेपेक्षा बरीच वरची आहे. मूळ एरोलिथ पॅरिसनंतर लंडनच्या प्रदर्शनात दिसली आणि मग नाहीशी झाली. बहुधा तिचे भाग सुटे करून दुसरीकडे वापरले गेले. कारखान्याच्या दृष्टीनं तो नमुना होता, काम झालं की मोडायचा.

मग विक्रीच्या गाड्या ॲल्युमिनियमच्या झाल्या आणि शिवण तशीच राहिली. उभ्या कडेमुळे मोठ्या पातळ पत्र्याला ताठरपणा येतो आणि चालताना छत ढोलासारखं वाजत नाही, असं समर्थन कुणी करेल. ते खरंही आहे. पण आत लाकडाचा सांगाडा असताना तेवढा ताठरपणा दोन फळ्या वाढवून मिळाला असता. झाँला ती रेघ आवडली म्हणून राहिली. एवढं पुरे आहे, आणखी तांत्रिक कारणं शोधत बसण्यात अर्थ नाही.

ॲल्युमिनियममध्ये ही कड घडवणं मॅग्नेशियमपेक्षा सोपं असलं तरी सोपं नाही. छताची मधली रेघ वर फुगलेली कमान आहे. कमानीच्या बाहेर पट्टी उभी करायची तर पट्टीची वरची कड खालच्या कडेपेक्षा लांब व्हायला हवी, म्हणजे पत्रा ताणला जायला हवा. ताणला की पातळ होतो, आणि पातळ झालेल्या कडेवर कात्रीचा एखादा बारीक दात राहिलेला असेल तर चीर तिथूनच सुरू होते. म्हणून दुमडायच्या आधी कड कानशीनं सपाट करून एमरीनं गुळगुळीत करतात. पट्टी गरजेपेक्षा चार-पाच मिलीमीटर रुंद ठेवतात आणि रिव्हेट मारून झाल्यावर जादाचा भाग कापतात. दुमड एका फटक्यात ९० अंशांत आणायची नाही. आधी ३० अंश पूर्ण लांबीभर, मग ६०, मग ९०. एका जागी घाई केली की शेजारचा पत्रा ओढला जातो आणि छताच्या फुगवट्यात खळगा पडतो. तो नंतर कितीही ठोकला तरी बोटांना लागतो.

पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचा हंडा ठोकताना मध्येच भट्टीत घालतात, कारण ठोकून धातू कडक होतो आणि पुढच्या ठोक्याला फुटतो. ॲल्युमिनियमचंही तेच. फरक इतकाच की तांबं तापल्याचं रंगावरून कळतं, ॲल्युमिनियम रंग न बदलता एकदम वितळून खाली पडतं. त्यावर जुना उपाय साबणाचा. पत्र्यावर कपड्याच्या साबणाची वडी घासायची आणि मागून ज्योत फिरवायची. साबण तपकिरी-काळा झाला की पत्रा साडेतीनशे-चारशे अंशांपाशी आला, ज्योत बाजूला. पाण्यात बुडवा किंवा तसाच निवू द्या, शुद्ध ॲल्युमिनियमला दोन्ही चालतं.

रिव्हेटांचे नियम विमानवाल्यांचेच. रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान व्यासाच्या दुप्पट अंतर, दोन रिव्हेटांत निदान तिप्पट-चौपट, आणि ठोकण्याआधी दांडा पत्र्यांबाहेर व्यासाच्या दीडपट. भोकं आधी लहान पाडायची, दोन्ही अर्धे भाग तात्पुरत्या चिमट्यांनी गाडीवर जुळवायचे, मग भोकं एकदम पूर्ण मापाला आणायची. नंतर भाग सुटे करून मधला कीस आणि भोकांचे बर, म्हणजे कडेला उठलेली धातूची कुसळं, काढायचे. ही सुटे करायची पायरी कंटाळा येऊन वगळली तर दोन पत्र्यांमध्ये कीस अडकून फट राहते, फटीत पाणी शिरतं, आणि काही पावसाळ्यांनी रंगाखाली पांढरी पूड फुगते. रिव्हेट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीनं मारत गेलात तर प्रत्येक ठोक्यानं पत्रा कणभर पुढे सरकतो आणि शेवटच्या फुटात भोकं जुळत नाहीत. म्हणून मधून सुरुवात करून दोन्हीकडे आळीपाळीनं जायचं. ओळ वाकडी झाली तर रंग ती लपवत नाही, उलट काळ्या रंगात ती जास्त उठते. लोकांना अटलांटिक काळीच आवडते, हे कारागिराचं दुर्दैव.

बॉडी वेगळी आणि चासी वेगळी, हा त्या जमान्याचा रिवाज. गिऱ्हाईक कारखान्याकडून चाकं, इंजिन आणि फ्रेम घ्यायचा आणि बॉडी आपल्या आवडीच्या कारखानदाराकडून चढवून घ्यायचा. इंदूरचे यशवंतराव होळकर यांच्या ड्यूसेनबर्ग एसजेची चासी अमेरिकेत इंडियानापोलिसला बनली आणि दोन माणसांपुरती उघडी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं चढवली. बॉडी जुनी वाटली की उतरवून दुसरी घालायलाही कुणाची हरकत नसे. १९२५ ची एक रोल्स-रॉइस फँटम वन लंडनच्या हूपरची बॉडी घालून निघाली, काही काळ नानपाऱ्याच्या राजाकडे राहिली, आणि १९३० च्या दशकाच्या मध्याला बेल्जियमच्या यॉन्कीर कारखान्यानं तिला गोल दारांची, मागे सुळका काढलेली प्रचंड कूपे बॉडी घातली. आज लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात लोक ती गोल दारं बघायला जातात. पण कागदावर ती १९२५ चीच गाडी आहे, कारण चासीचा नंबर १९२५ चा आहे. पत्रा पाहुणा, चासी घरची, असा हिशेब.

बुगाटीनं टाइप ५७ च्या बाबतीत बऱ्याच बॉड्या घरातच आखल्या: व्हाँतू, स्टेल्व्हियो, गालिबिए, अटालांत (ही अटलांटिकहून वेगळी). काही कोलमारच्या गांगलोफनं बनवल्या. १९३४ पासून युद्ध सुरू होईपर्यंत सगळ्या प्रकारच्या मिळून सातशेच्या आसपास ५७ बनल्या. त्यातली ‘एस’ ही बुटकी आवृत्ती मात्र चाळीसच्या थोडी वर. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३.३० मीटरवरून २.९८ मीटरवर आणला आणि फ्रेम इतकी खाली बसवली की मागचा ॲक्सल फ्रेमच्या खालून जाण्याऐवजी फ्रेमच्या बाजूच्या पोलादी पट्ट्यांना भोक पाडून त्यातून आरपार काढावा लागला. इंजिनखाली ऑइलच्या खोल तळ्याला जागा उरली नाही, म्हणून ड्राय संप: ऑइल वेगळ्या टाकीत, एक पंप ते इंजिनात ढकलणारा आणि दुसरा खाली गळलेलं परत ओढणारा. रेडिएटर मधोमध दुमडून व्ही आकाराचा केला. अटलांटिकचा बुटकेपणा कागदावर काढलेल्या चित्रातून आलेला नाही. फ्रेमच्या त्या भोकातून आला आहे. साध्या ५७ च्या चासीवर कुणी अटलांटिकची बॉडी चढवली तर बघताक्षणी काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. बॉनेट उंच राहतं आणि छताची कमान त्याच्यामागे बसकी दिसते.

इंजिन ३,२५७ सीसीचं, आठ सिलिंडर एका रांगेत, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिलीमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०० मिलीमीटर, वर व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, ते फिरवणारे गिअर इंजिनाच्या मागच्या टोकाला. एसमध्ये १७० ते १७५ हॉर्सपॉवर, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) बसवला की २०० च्या घरात. साडेनऊशे किलोच्या आसपासची ही गाडी ताशी २०० किलोमीटरला पोचायची. १९३६ मध्ये रस्त्यावरच्या गाडीसाठी हा आकडा अविश्वसनीय वाटावा असाच होता.

या इंजिनाचं एक वैशिष्ट्य विकत घेणाऱ्याला कुणी आधी सांगत नाही. सिलिंडरचा ब्लॉक आणि हेड, म्हणजे त्यावरचं झाकण, एकाच ओतकामात आहेत, हेड सुटत नाही. हेड गॅस्केट उडायची भीती नाही, हे खरं. पण एखादा व्हॉल्व्ह घासायचा तर कॅमचे डबे उतरवा, मग अख्खा ब्लॉक क्रँककेसवरून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावरून, उचला, आणि सिलिंडरमधून हात घालून खालून काम करा. परत बसवताना आठ पिस्टनांच्या रिंगा एकाच वेळी आठ सिलिंडरांत शिरल्या पाहिजेत. दोन माणसं ब्लॉक धरून आणि दोन माणसं रिंगांवर, याहून कमी हातांत हे करू नये. एक रिंग चुकीची दबली तर कळतं ते इंजिन सुरू झाल्यावर, निळ्या धुरानं. सर्वांत मोठी भीती पाण्याच्या जॅकेटची. ऐंशी-नव्वद वर्षं साधं पाणी घालून ओतीव लोखंड आतून खाल्लं जातं, गाळ मागच्या सिलिंडरांभोवती साचतो, तिथे इंजिन जास्त तापतं आणि दोन व्हॉल्व्हच्या बैठकींमधल्या अरुंद जागेत चीर पडते. म्हणून जुना ब्लॉक हातात आला की पॉलिश बघू नका. दाबाखाली गरम पाणी भरून तपासा. थंड पाण्यात मिटलेली चीर गरम झाल्यावर उघडते.

ड्राय संपचा एक धडा पहिल्याच दिवशी शिकावा लागतो. गाडी आठवडाभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. टाकीची काडी कोरडी दिसते, नवखा माणूस आणखी ऑइल ओततो, आणि सुरू केल्यावर जादाचं ऑइल सगळीकडून बाहेर येतं. ऑइल मोजायचं ते इंजिन चालून गरम झाल्यावर, बंद केल्या केल्या. प्रज्वलन सिंटिलाच्या मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राचं. तो कॅमशाफ्टच्या मागच्या टोकावर, डॅशबोर्डपाशी बसतो. तो उष्णतेत राहतो आणि त्याच्या आतल्या वेटोळ्याचं इन्सुलेशन जुनं झालं की लक्षण ठरलेलं असतं: थंड इंजिन पहिल्या फिरकीत सुरू, अर्ध्या तासानं गरम झालं की मिसफायर, थांबलं की पुन्हा सुरू होत नाही. कार्बोरेटरवर संशय घेऊन लोक दिवस घालवतात. ब्रेक मुळात केबलवर चालणारे. चारही चाकं उचलून, प्रत्येक ड्रम हातानं फिरवत सारख्या ताणाला आणायचे, मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ३० ला दाबून गाडी कुठे ओढते ते बघायचं. २०० ला पळणारी गाडी केबलवर थांबवायची आहे, हे लक्षात ठेवून चालवणारे चालवायचे.

आत बसणं मात्र सुखाचं नाही. मागे दोन छोट्या लंबगोल काचा, त्यातून मागचं जवळजवळ काही दिसत नाही. दारं छतात कापून नेली आहेत म्हणून आत शिरणं जमतं, तरी शिरावं लागतं वाकूनच. इंजिनाची धग थेट पायाशी येते आणि बंद पत्र्याच्या पोकळीत गिअरांचा आवाज घुमतो. सुंदर गाडीला हे सगळं माफ करायची लोकांची तयारी असते, हे झाँला पक्कं ठाऊक असावं.

चार गाड्यांच्या चार कथा आहेत, आणि पत्रा महत्त्वाचा की नंबर हा प्रश्न प्रत्येकीनं वेगळ्या तऱ्हेनं विचारला आहे.

पहिली, चासी ५७३७४, १९३६ मध्ये लंडनला व्हिक्टर रॉथ्सचाइल्डकडे गेली. सुपरचार्जर तिला नंतर लागला. युद्धानंतर ती अमेरिकेत पोचली. १९७१ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिलावात ५९ हजार डॉलरना विकली गेली आणि तेव्हा ही किंमत वेडेपणाची मानली गेली. २००३ मध्ये पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत ती सर्वोत्कृष्ट ठरली आणि २०१० मध्ये खासगी व्यवहारात तिची किंमत तीन ते चार कोटी डॉलरच्या दरम्यान सांगितली गेली. शेवटची, ५७५९१, मे १९३८ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड पोप यांना मिळाली. नोंदणी क्रमांक ईएक्सके ६. १९८८ पासून ती फॅशन डिझायनर राल्फ लॉरेन यांच्याकडे आहे. मॅसॅच्युसेट्सच्या पॉल रसेल यांच्या कार्यशाळेनं ती सुटी करून काळ्या रंगात पुन्हा बांधली, आणि १९९० मध्ये पेबल बीच, २०१२ मध्ये व्हिला देस्ते, असे दोन मोठे मान तिनं घेतले. या दोघींबद्दल वाद घालण्यासारखं फारसं नाही.

तिसरीची, ५७४७३ ची गोष्ट वेगळी. १९३६ च्या अखेरीस ती फ्रान्समधल्या झाक होल्त्सशू यांना मिळाली. युद्धानंतर तिच्या बॉडीत फेरफार झाले. ऑगस्ट १९५५ मध्ये जिएँ गावाजवळच्या रेल्वे फाटकावर आगगाडीनं तिला उडवलं. तेव्हाचे मालक आणि त्यांच्या सोबतची व्यक्ती, दोघंही गेली. चुरगळलेला ढीग काही वर्षं पडून राहिला, १९६३ मध्ये एका संग्राहकानं तो घेतला आणि पुढच्या दशकात जितका मूळ पत्रा सरळ होईल तितका सरळ करून, उरलेला नवा घालून गाडी उभी केली. मूळ इंजिन परत आलं नाही. नंतर एकदा पुन्हा, जास्त अभ्यासानं, तिची डागडुजी झाली.

यावर जाणकारांत दोन तट आहेत. एक म्हणतो, चुरगळलेला पत्रा तोच आहे, फ्रेमचे तुकडे तेच आहेत, नंबर तोच आहे. दुसरा म्हणतो, इंजिन नाही आणि बॉडीचा मोठा भाग दुसऱ्याच हातांनी ठोकलेला आहे, मग उरलं काय? रोल्ससारख्या गाडीत हा वाद होत नाही, कारण तिथे बॉडी बदलणारच हे गृहीत होतं. अटलांटिकची गंमत ही की तिच्यात पत्रा हीच गाडी आहे. ५७ एसची चासी चाळीसहून जास्त गाड्यांकडे होती, ही पाठीवरची शिवण चौघींकडेच. तरी कागद पत्र्याला विचारत नाही, नंबरला विचारतो. मला ५७४७३ खरी वाटते, आणि पहिलीपेक्षा तिच्यातला सरळ केलेला पत्रा जास्त बघावासा वाटतो. ठोकून परत आणलेल्या ॲल्युमिनियमच्या आतल्या बाजूला हातोडीच्या दोन पिढ्यांच्या खुणा एकमेकींवर पडलेल्या असतात.

आता उरली दुसरी, ५७४५३. ही झाँच्या स्वतःच्या वापरातली काळी गाडी. गिऱ्हाईकाला कधी विकली नाही. जाहिरातींत ती दिसते, १९३७ मध्ये प्रदर्शनांत गेली. रॉबर्ट बेन्वा, झाँ-पियेर विमिल आणि विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स हे कारखान्याच्या जवळचे रेसर ती चालवत. या तिघांनीही पुढे व्याप्त फ्रान्समध्ये जर्मनांविरुद्ध गुप्त काम केलं. बेन्वा बुखनवाल्डच्या छळछावणीत मारले गेले, ग्रोव्हर-विल्यम्स साक्सनहाउसेनला. झाँ स्वतः ११ ऑगस्ट १९३९ रोजी मोल्सहाइमजवळ, त्या वर्षी ल माँची शर्यत जिंकलेली गाडी चाचणीसाठी चालवत असताना सायकलस्वाराला चुकवायला वळला आणि झाडावर आदळून गेला. वय ३०. युद्धात कारखान्याच्या गाड्या बोर्दोकडे सुरक्षित जागी हलवण्याच्या फेब्रुवारी १९४१ च्या यादीत काळ्या अटलांटिकची शेवटची नोंद मानली जाते. त्यानंतर कुणालाही ती दिसलेली नाही. मिळाली तर दहा कोटी युरोच्या वर जाईल असा आजच्या बुगाटी कंपनीचा अंदाज आहे. याच कंपनीनं २०१९ मध्ये तिच्या नावानं एक नवी गाडी बनवून करांशिवाय एक कोटी दहा लाख युरोंना विकली. ती जिथे जाईल तिथे फोटो निघतात, पण तिच्यात पाठीच्या रेघेची फक्त आठवण आहे, रिव्हेट नाहीत.

अधूनमधून कुठे ना कुठे कोठारात काळी अटलांटिक सापडल्याची बातमी उठते. सापडणं अशक्य नाही. अर्ल हाऊ यांची ५७ एस अटालांत न्यूकॅसलच्या एका गॅरेजात १९६० च्या दशकापासून धूळ खात पडली होती आणि २००९ मध्ये पॅरिसला ३४ लाख युरोंना विकली गेली. पण सापडली तर आधी बघायचं काय, यात बातमीदार आणि लबाड दोघंही चुकतात. आधी शिवण बघतात. शिवण कुणीही चांगला कारागीर आज बनवू शकतो, वर सांगितलेल्या पद्धतीनंच. डॅशबोर्डमागच्या फळीवरची नंबरपट्टी तर चार स्क्रूंची गोष्ट.

खरी तपासणी खाली झोपून, दिवा घेऊन करायची. बुगाटीच्या कारखान्यात प्रत्येक मोठ्या भागावर त्याचा स्वतःचा नंबर ठोकलेला असे. क्रँककेसच्या पायावर चासीचा आणि इंजिनाचा नंबर, गिअरबॉक्सवर त्याचा, मागच्या ॲक्सलच्या कवचावर त्याचा, आणि फ्रेमवर तिचा निराळा क्रमांक, जो चासीच्या नंबराशी जुळत नाही आणि जुळायचा नसतोच. हे ठाऊक नसलेला लबाड सगळीकडे एकच नंबर ठोकतो आणि तिथेच सापडतो. अंकांचे ठसे भिंगातून बघायचे. हातानं एकेक ठोकलेले अंक सारख्या खोलीचे आणि अगदी सरळ रेषेत नसतात. सगळे एका मापात असतील तर शंका घ्यायची. ठशाभोवतीचा पृष्ठभाग शेजारच्या ओतकामाइतकाच खरबरीत आहे का, की तिथेच घासून सपाट केला आहे? ॲल्युमिनियमच्या क्रँककेसवर जुना नंबर घासून टाकला असेल तर ठोकल्यामुळे दबलेला धातू आत तसाच राहतो आणि सौम्य आम्लाच्या लेपानं तो बऱ्याचदा पुन्हा वर येतो. पोलिसांच्या प्रयोगशाळा चोरीच्या गाड्यांवर हेच करतात. फ्रेमला मागच्या ॲक्सलसाठी पाडलेल्या भोकाच्या कडा बघायच्या. तिथे भेगा पडतात, आणि नव्वद वर्षांच्या फ्रेममध्ये तिथे एकही जुनी दुरुस्ती नसेल तर ती फ्रेम नव्वद वर्षांची असण्याची शक्यता कमी. लाकडी सांगाडा सगळ्यात शेवटी, कारण लाकूड कुजून कधीच बदललं गेलेलं असेल. दाराच्या उंबऱ्याखाली पाणी साचतं आणि कूज तिथून सुरू होते.

आणि समजा बोर्दोच्या वाटेवर गाडी सुटी झाली, जे त्या दिवसांत मला सर्वांत संभवनीय वाटतं. समजा क्रँककेस उद्या एका देशात निघाली आणि फ्रेम दुसऱ्या देशात, आणि पत्रा कधीच भंगारात वितळलेला. दोघांचेही वकील ५७४५३ आपलीच म्हणतील आणि दोघंही शिवण नव्यानं ठोकून घेतील. नोंदींवर बोट ठेवणारे क्रँककेसवाल्याकडे जातील, कारण चासीचा नंबर तिच्यावर आहे. माझं मत फ्रेमवाल्याच्या बाजूनं पडेल. इंजिनं त्या कारखान्यातही अदलाबदल होत होती. आरपार भोकाची ती फ्रेम बदलायची तर गाडी मुळापासून नवीन बांधावी लागली असती.